लिंबूटिंबू भिस्ती

माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण अजूनही घरी कुणी आलं की माझी ओळख करून देताना ते अडखळतात. "आमची सून, कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढं म्हणून चहाकडे वळतात. एकदा त्यांच्या एका मित्राने पिच्छाच पुरवला. "कॉम्प्युटरमध्ये म्हणजे करते काय?" तेव्हा बाबा हताश होऊन म्हणाले, "व्हिडिओ गेममध्ये कोणाला किती मार लागायला पाहिजे, ते ही ठरवते." माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी स्वतःही कधी केलेलं नाही.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये एका साड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली शालू आणि वर बंदुका. आम्ही पाच विरुद्ध पाच असा लढाईचा खेळ चालवतो. त्याचं नाव सांगत नाही, करारावर सही करून बांधलेली आहे. खेळात शिरताना प्रत्येकाने एक पात्र निवडायचं. या पात्रांना आमच्या धंद्यात हिरो म्हणतात, बाई असली तरी हिरोच. एक लांबून नेम धरते, एक ढाल घेऊन पुढे उभा राहतो, एक भिंतीवरून उड्या मारतो. प्रत्येकाची ताकद, चपळाई, सोसण्याची शक्ती असे आकडे असतात. ते कमीजास्त करून सगळ्यांना एका मापात ठेवणं हे माझं काम. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवायचे, तिथून इकडे आले. तिथे मुलं झोपायची. इथे निदान शिव्या तरी देतात.

हो, शिव्या भरपूर मिळतात. आकडा वाढवला की मार खाणारे चिडतात, कमी केला की मारणारे. नदीच्या घाटावरच्या एका गुरुजींचे चिरंजीव मला ऑफिसच्या जिन्यात गाठून म्हणाले होते, "मैडम, उस बंदूकवाली को थोड़ा कम कर दो. आपके नाम से अभिषेक करवा दूँगा." मी म्हटलं, अभिषेक करवा, पण बंदूकवाली आहे तशीच राहील. त्यांनी अभिषेक केला की नाही कोण जाणे, पण नंतर स्वतःच बंदूकवाली घेऊन खेळायला लागले आणि तक्रार मिटली.

लहानपणी आपण खेळायचो तेव्हा एखादं धाकटं भावंड मागे लागायचं. त्याला हाकलता यायचं नाही, म्हणून लिंबूटिंबू करून घ्यायचं. ते पळायचं, ओरडायचं, आउट झालं तरी आउट नाही, आणि जिंकलं तरी कुणाच्या हिशेबात नाही. ते बिचारं खूश असायचं, कारण त्याला माहीतच नसायचं. माझ्या कामाचं सार एवढंच आहे, की आमच्या खेळात कुणी लिंबूटिंबू असता कामा नये.

आणि आमचा भिस्ती नेमका तसा होता.

भिस्ती म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. आमच्या भिस्त्याच्या पाठीवर पखाल, हातात जेमतेम एक काठी. त्याने जमिनीवर पाणी ओतायचं आणि जखमी सोबत्यांनी त्या पाण्यात येऊन उभं राहिलं की जखमा भरायच्या. कागदावर फार सुंदर. आम्ही बनवताना ऑफिसात खेळून पाहिलं तेव्हाही सुंदर चालला. पण बाहेर गेल्यावर त्याला कुत्रं विचारेना. जो घेईल त्याची टीम हरायची. एका टीममध्ये एक हिरो एकालाच मिळतो, त्यामुळे कुणी भिस्ती घेतला की बाकीचे चौघं आधीच कपाळाला हात लावायचे.

आता सुलभामावशी. माझी सख्खी मावशी नव्हे. उज्जैनच्या मराठी मंडळींत आईच्या वयाची बाई मावशीच असते. शाळेत शिकवायच्या, आता शहरातच नानाखेड्याला एकट्या राहतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला एका घरी आम्ही दोघी समोरासमोर आलो. त्यांना कुंकू लावून मी यजमानीणबाईंकडून ओटी घेतली, हातात डाळ आणि पन्हं आलं, आणि मावशी हळूच म्हणाल्या, "मृणाल, तुमच्या भिस्त्याचं काही करशील का गं? मी तर परेशान झाले."

मला आधी कळेचना. त्यांच्याकडे पाण्याचा टँकर येत नाही की काय असं वाटलं.

"तुमच्या गेममधला गं, पखालवाला! मी तोच घेते ना."

आजूबाजूला पैठण्या, मोगऱ्याचे गजरे, आणि ही पासष्टीच्या पुढची बाई मला सांगत होती, की भिस्त्याचं पाणी फार लवकर सुकतं. पन्ह्याचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. या धंद्यात इतक्या तक्रारी ऐकल्या, पण हळदीकुंकवात कधी नाही.

त्यांचा मुलगा अमेय कॅनडात. दर रविवारी सकाळी, त्याची तिकडे शनिवारची रात्र असते तेव्हा, तो आणि त्याचे तीन मित्र हा खेळ खेळतात, आणि पाचव्या मावशी. त्यांच्या हाताला थोडा कंप आहे, नेम धरता येत नाही. भिस्त्याला नेमाची गरज नाही, म्हणून भिस्ती. "पण आम्ही हरतो ना माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मुलं काही बोलत नाहीत. पण समजतं."

मी ऑफिसला गेले आणि आमच्या धंद्यातल्या लोकांना जे पहिल्यांदा सुचतं तेच केलं. भिस्त्याचा आकडा वाढवला. पाण्याची ताकद दुप्पट. आठवड्याच्या आत हाहाकार झाला. जे मुरलेले खेळाडू होते ते भिस्ती घेऊन स्वतःच स्वतःच्या पाण्यात उभे राहायला लागले आणि मरेचनात. कितीही मारा, म्हसोबासारखे जागेवर. आम्हाला आलेल्या शिव्यांत नवीन भाषांची भर पडली. मी निमूटपणे आकडा परत खाली आणला.

बाहेरच्या माणसाला वाटतं, की दुबळ्याला बळ दिलं की झालं. पण आकडा वाढवला की त्याचा फायदा आधी हुशार उचलतो. ज्याच्यासाठी वाढवला, तो तिथेच. मावशींना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "या रविवारी पण हरलो. तू टाकी मोठी केलीस गं, पण नळाखाली कोणी येतच नाही, तर मी काय करू?"

आमचे मालक गौरव. माझ्याहून लहान आहेत, पण मालक ते मालक. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मैडम, भिस्ती को अपन अगले अपडेट में निकाल रिये हैं. रखने का कोई मतलब नी है."

"एक बार और देख लूँ?"

"देख लो. पर आप भी जानती हो, होना कुछ नी है."

ते चूक बोलत नव्हते. कुणी घेत नसलेला हिरो सांभाळायलाही माणसं लागतात. याआधी असे दोनतीन हिरो मी स्वतः काढून टाकले आहेत आणि मला रात्री चांगली झोप लागली आहे. पण तेव्हा त्या हिरोच्या मागे बसलेलं माणूस मी पाहिलेलं नव्हतं. भिस्ती गेला असता तर मावशींना त्या टीममध्ये घेण्यासारखं काही उरत नव्हतं. मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटून आकडे सुधारत नाहीत याचाही राग येत होता.

म्हणून रविवारी सकाळी मी नानाखेड्याला गेले. आमच्या कामाची एक रीत आहे, खेळ बघायचा असेल तर पडदा बघू नये, खेळणाऱ्याला बघावं. मावशींनी आंघोळ, पूजा उरकून, चष्मा पुसून कानाला हेडफोन लावला होता. गॅसवर कुकर होता. खेळ सुरू झाला.

हेडफोनमधून अमेयचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आई, मागे रहा! अगं मागे! कुठे चाललीस बावळटासारखी?" मावशी हसत होत्या. कुणी जखमी झालं की त्या धावत जाऊन पाणी ओतायच्या आणि ओरडायच्या, "रोहन, इकडे ये, पाणी घे! अरे डावीकडे बघ ना!" रोहन त्यांच्यासमोरून निघून जायचा आणि चार पावलांवर मरायचा. पाणी जमिनीवर सुकून जायचं. असं वारंवार झालं. शेवटी मी विचारलं, "मावशी, हा रोहन तुमचं ऐकत का नाही?"

"त्या तिघांनी माझा आवाज बंद करून ठेवला आहे ना," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "कुकरच्या शिट्ट्या जातात त्यांच्या कानात. अमेयने सांगितलं नाही, पण मला माहीत पडलं."

मी गॅस बारीक केला.

खेळ संपल्यावर अमेय म्हणाला, "आई, पुढच्या रविवारपासून आपण नुसता व्हिडिओ कॉल करूया का? तुला पण त्रास होतो." मावशी "बघू" म्हणाल्या आणि हेडफोन काढून ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कॉलवर तो माझी तब्येत विचारतो. जेवलीस का, गोळी घेतली का, चल ठेवतो. इथे दोन घंटे माझ्यावर ओरडतो. मला ओरडलेलं बरं वाटतं गं. लहान होता तेव्हा त्याचे दोस्त त्याला लिंबूटिंबू करायचे, तर तो रडत घरी यायचा. आता मी आहे त्यांच्यात लिंबूटिंबू. फरक इतकाच, की मला समजतं."

निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. बस स्टँडपाशी ई-रिक्षाची वाट बघत होते. तिथे उन्हाळ्यात प्याऊ लागते, म्हणजे आपली पाणपोई. ताडपत्रीखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ, आणि एक बाई लांब नळीच्या झारीने पाणी घालत होती. मी वाकून ओंजळ धरली, तिने धार सोडली. पोट भरल्यावर, हात तोंडाशीच असताना, मी नुसती मान हलवली. धार थांबली. तोवर शेजारच्याची ओंजळ तयार होती, झारी तिकडे वळली. स्टँडवर कंडक्टर ओरडत होते, हॉर्न वाजत होते, आणि इथे कुणी कुणाशी चकार शब्द बोलत नव्हतं. ज्याला हवं तो हात पुढे करत होता, पुरे झालं की मान हलवत होता, आणि पाण्याचा थेंब वाया जात नव्हता.

मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. मागच्या माणसाने "बहनजी, हो गया क्या?" म्हणून विचारल्यावर बाजूला झाले.

आमच्या ऑफिसात भिस्ती का चालला होता हे मला तेव्हा लख्ख कळलं. आम्ही सगळे एकाच खोलीत बसून खेळून बघतो. जखमी झालेला गडी टेबलावरून बोंब मारायचा, "अरे पानी ला!" आणि भिस्ती खेळणारा तिकडे पळायचा. आमचा भिस्ती आमच्या बोंबांवर चालत होता. ती बोंब खेळात कुठेच नव्हती, ती साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत होती. आणि आम्ही महिनोन्महिने त्याच्या पखालीचे आकडे तपासत बसलो होतो.

मग काम सोपं होतं असं नाही, पण काय करायचं ते ठरलं. प्रत्येक हिरोला एक नवीन बटण दिलं, ओंजळीचं. जखमी गड्याने ते दाबलं की तो किंचित वाकून ओंजळ पुढे करतो, आणि ती ओंजळ भिस्त्याला भिंतीपलीकडूनही दिसते. जमिनीवर ओतणं बंद. भिस्त्याने जवळ जाऊन त्या ओंजळीत धार धरायची. ताकद भरली की गड्याची मान आपोआप हलते, धार थांबते, उरलेलं पाणी पखालीत राहतं. ताकदीच्या एकाही आकड्याला मी हात लावला नाही. चित्रकाराने वैतागून विचारलं, की एवढ्या धुमश्चक्रीत मान हलवायला कोणाला वेळ आहे. मी त्याला बस स्टँडवर नेऊन पाणी पाजलं.

तपासणीच्या दिवशी सगळ्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं आणि बोलायला सक्त मनाई केली. दुपारी खालच्या दुकानातला माणूस वर डोकावून गेला. "आज छुट्टी है क्या? आवाज ही नहीं आ रही." खेळ संपेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही, आणि भिस्त्याची टीम जिंकली. गौरवनी आकडे उलटेपालटे करून पाहिले. "नंबर तो वही के वही हैं?"

"वही हैं."

"तो फिर चल कैसे गया?"

"पहले माँगने का तरीका नहीं था."

त्यांनी भिस्त्याचं नाव काढायच्या यादीतून खोडलं आणि म्हणाले, "हओ. रहने दो फिर."

भिस्ती वाचला. नुसता वाचला नाही, लोकांना आवडायला लागला. आम्ही न ठरवलेल्या गोष्टीही सुरू झाल्या. काही जण लढाई सुरू होताहोताच शत्रूसमोर ओंजळ धरून चिडवायचे, आणि एखादा भिस्ती खरंच पुढे होऊन त्या शत्रूच्या ओंजळीत धार धरायचा. त्याने शत्रूला काही फायदा होत नाही. पण ज्याच्या हातावर पाणी पडायचं, तो क्षणभर गोळी झाडायचा नाही, असं मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या नोकरीत अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नाहीत. ही आहे.

मावशींचा मात्र फोन नाही. मला वाटलं, खेळण्यात दंग असतील. श्रावण गेला, महाकालाच्या सवारीच्या सोमवारांची वाहतूक आटोपली, आणि समाजाच्या गणपतीत आरतीनंतर त्या दिसल्या. मी प्रसादाचा द्रोण घेऊन ऐटीत त्यांच्याकडे गेले. "मग मावशी, कसा आहे आपला भिस्ती?"

"भिस्ती?" त्या म्हणाल्या. "तो तर मला मिळतच नाही आता."

एका टीममध्ये एक हिरो एकालाच. कुणी विचारत नव्हतं तोवर भिस्ती मावशींचा होता. मी त्याला चांगला केला आणि तो सगळ्यांना हवासा झाला. हिरो किती जणांनी उचलला हे आम्ही रोज मोजतो. तो कुणाच्या हातून गेला, हे मोजायची आमच्याकडे सोयच नाही. त्या बाईसाठी म्हणून सुरू केलेलं काम, आणि मी तिचीच जागा काढून घेतली होती.

"कोण घेतं?" मी कसंबसं विचारलं.

"अमेय. सगळ्यात आधी तोच बटण दाबतो."

"मग तुम्ही?"

"मी ढालवाला घेते. त्याला पण नेम नाही लागत. मोठी ढाल घेऊन पुढे उभं राहायचं आणि मार खायचा. मास्तरणीला काय कठीण आहे?" त्या हसल्या. "आता पुढे मीच असते, तर त्यांना माझा आवाज चालू करावा लागला. आंटी लेफ्ट, आंटी राइट. मागच्या रविवारी माझ्यामुळे हरलो, तर रोहन तोंडावर बोलला, आंटी, ये आपकी गलती है. मी घरात इकडून तिकडे नाचले गं!"

मग त्यांनी द्रोण खाली ठेवला आणि माझा हात धरला.

"मला मार लागला की मी ओंजळ धरते. अमेय कुठे पण असला तरी ओरडतो, आई थांब, आलो, आलो! आणि येतो. मृणाल, बाईला वाटतं ना, की शेवटी मुलाच्या हातचं पाणी मिळेल का नाही. तो तिकडे, मी इकडे. मी तर ती आशा सोडूनच दिली होती. आता जिवंतपणी, दर रविवारी मिळतं."

माझे डोळे भरून आले होते आणि आजूबाजूला ओळखीच्या बायका होत्या.

"एकच तक्रार आहे," मावशी म्हणाल्या. "ती मान फार लवकर हलते गं. अजून थोडं प्यावंसं वाटतं, तर ती हलून जाते. जरा उशिरा हलव ना."

"मावशी, पाणी वाढवलं तर तोल जातो," मी म्हटलं. हे वाक्य मी या नोकरीत इतक्यांदा म्हटलं आहे, की ते आपोआप बाहेर पडतं.

"मग राहू दे," त्या म्हणाल्या आणि कुणाला तरी हळदीकुंकू लावायला वळल्या.

पुढच्या अपडेटमध्ये मी भिस्त्याचं पाणी होतं तेवढंच ठेवलं. ताकद तेवढीच भरते, तेवढ्याच वेळात भरते, नंतर धार नुसती दिसत राहते. फक्त गड्याची मान आता जरा सावकाश हलते. गौरवनी विचारलं, "ये क्यों किया?" मी सांगितलं, "ऐसे अच्छा दिखता है." लाखभर शिव्या देणाऱ्या आमच्या खेळाडूंपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. नानाखेड्याहून तक्रार आलेली नाही.